अपात्र, पण कशासाठी?

रंगदृष्टी तपासायच्या इशिहारांच्या पुस्तकाचं पहिलं पान सगळ्यांना वाचता येतं. रंगीत ठिपक्यांत 12 हा आकडा असतो. बारामतीच्या माझ्या दवाखान्यात आलेल्या बारावीतल्या मुलानंही तो झटकन सांगितला. पुढच्या एका पानावर 74 होता. तो म्हणाला, "एकवीस." लाल-हिरव्यात गफलत होणारे डोळे तिथं 21 वाचतात. मी आणखी चार पानं उलटली आणि पुस्तक मिटलं.

मुलाला वैमानिक व्हायचं होतं. गावावरून जाणारी शिकाऊ विमानं बघतच तो मोठा झाला होता. फीसाठी वडील अर्धा एकर विकायला निघाले होते. ते म्हणाले, "मॅडम, पानं अडतीसच आहेत ना? पाठ करून घेतो की." आईनं वेगळंच विचारलं, "माझ्याकडून गेलं का हो हे त्याच्यात?"

मी खरं ते सांगितलं. हा दोष एक्स गुणसूत्रावरून येतो आणि मुलाला ते आईकडूनच मिळतं. तिला स्वतःला सगळे रंग नीट दिसत होते. मग तिला आठवलं, तिच्या वडिलांना रोपावरच्या हिरव्या मिरच्यांतली लाल मिरची सापडायची नाही. "मागच्या जन्माचं काही असेल," ती पुटपुटली. मी म्हटलं, "ताई, यात कुणाचं पाप नाही." कर्माचा विचार मीही मानते. आपण केलेल्याची जबाबदारी आपण घ्यावी, एवढ्यासाठी मानते. आईनं पोराच्या डोळ्यांपायी स्वतःला गुन्हेगार ठरवावं, यासाठी तो विचार नाही.

मुलगा तोवर गप्प होता. जाताना म्हणाला, "मॅडम, जन्मानं मिळालेल्या गोष्टीवरून दार बंद करायचं, हा भेदभावच झाला ना?"

हा प्रश्न मला टाळता येणार नव्हता. मी वारकरी घरातली. 1947 साली साने गुरुजींनी पंढरपूरला उपोषण केलं, ते विठ्ठलाचं दार दलितांना खुलं व्हावं म्हणून. जन्मावरून माणूस अपात्र ठरत नाही, हे ऐकतच मी वाढले. मग याच मुलाला मी कोणत्या तोंडानं नाही म्हणायचं?

बरेच दिवस विचार केल्यावर मला फरक दिसला. कुणी विठ्ठलाच्या पायावर डोकं ठेवलं, तर दुसऱ्या कुणाचं काही बिघडत नाही. त्या बंद दाराला मोजून दाखवता येईल असं कारणच नव्हतं. ते दार माणसाची किंमत ठरवत होतं. विमानाचं तसं नाही. धावपट्टीशेजारी चार दिवे असतात. दोन पांढरे आणि दोन लाल दिसले, तर उतरण्याचा कोन बरोबर. चारही लाल दिसले, तर विमान फार खाली आलेलं असतं. मागं बसलेल्यांना ते दिवे दिसतसुद्धा नाहीत. त्यांनी आपला जीव पुढच्या डोळ्यांवर सोपवलेला असतो. पाठ केलेल्या अडतीस पानांनी फसवणूक होते ती त्यांचीच. म्हणून मी ती पाठ करून घ्यायला नकार दिला.

पण नियमही माणसांनीच केलेला असतो, तो चुकू शकतो. ऑस्ट्रेलियात ह्यू डेनिसन या रंगदृष्टिदोष असलेल्या वैमानिकानं आपल्यावरच्या निर्बंधांविरुद्ध न्यायाधिकरणात दाद मागितली आणि 1989 साली ती मिळवली. त्यानं आपला दोष लपवला नाही, तो पुढे ठेवूनच भांडला. नियमाशी उघड भांडणं हा सत्याग्रह आहे. खोटं बोलून आत शिरणं हा सत्याग्रह नव्हे.

मुलाला मी पुढच्या तपासणीला पाठवलं, कारण शेवटचा निर्णय नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचा, म्हणजे डीजीसीएचा असतो. तो काहीही लागो, मुलगा आहे तेवढाच पुरा आहे. त्या दिवसापासून मी कागदावर नुसतं 'अपात्र' लिहीत नाही, कशासाठी तेही लिहिते.

आणि आईबापांना माझी विनवणी आहे. मुलाच्या डोळ्यांत विमानाचं स्वप्न दिसलं, तर दहावीच्या आधीच त्याची रंगदृष्टी तपासून घ्या. वैमानिकाला लागणारी क्लास वन वैद्यकीय तपासणी आधी, फी नंतर. जमिनीचा सौदा त्याच्याही नंतर.