आरतीआधीची तक्रार

माणसं एकत्र बसली, एकमेकांचे हात धरले, की मनंही आपोआप जवळ येतात, यावर हल्ली सगळ्यांचा फार विश्वास आहे. शाळेत नोकरीला असताना शिक्षकांच्या प्रशिक्षणांत मीही हे पुष्कळ केलं. डोळ्यांवर रुमाल बांधायचा आणि सहकाऱ्याच्या खांद्यावर हात ठेवून मैदानाला फेरी मारायची. गोल बसून आपलं एखादं दुःख सांगायचं. शेजारच्याचा एक गुण चिठ्ठीवर लिहायचा. आणि दुपारी सुट्टी झाली, की डबे आपापल्या ठरलेल्या घोळक्यातच उघडायचे. कोणाचा घोळका कशावरून ठरलाय हे सगळ्यांना ठाऊक असायचं, पण तो विषय सकाळच्या गोलात कधी निघाला नाही.

यात हसण्यासारखं आहे, पण नुसतं हसून सोडवत नाही. यातला प्रश्न धर्माइतकाच जुना आहे. दुसऱ्याविषयीचा कळवळा आधी मनात उपजतो आणि मग हातापायांत उतरतो, की हातापायांना वळण लावलं की मन मागून येतं? आणि मागून आलंच नाही, तर त्या वळणाचं करायचं काय?

मी फलटण तालुक्यातली. आमच्याकडे हा प्रश्न दर पावसाळ्याच्या तोंडाशी पायी चालत येतो. ज्ञानोबांची पालखी नीरा ओलांडून सातारा जिल्ह्यात शिरते, लोणंद, तरडगाव करत फलटणला येते. आळंदी ते पंढरपूर जवळजवळ अडीचशे किलोमीटर. या चालण्याचं आजचं शिस्तशीर रूप हैबतबाबा आरफळकरांचं. आरफळ आमच्याच जिल्ह्यातलं. शिंद्यांच्या पदरी सरदारकी केलेला हा माणूस एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात माऊलींच्या सोहळ्याला लागला आणि फौजेची घडी त्यानं भजनाला बसवली. दिंड्यांना क्रमांक आले, रथापुढच्या आणि रथामागच्या जागा ठरल्या, निघण्याच्या आणि थांबण्याच्या वेळा ठरल्या. भक्तीसारख्या आतल्या गोष्टीला इतकी बाहेरची शिस्त कशाला, असं कुणी विचारेल. पण वारकरी पंथाचं म्हणणंच असं दिसतं, की आतलं काय ते मागाहून बघू, आधी पायांना चालू दे.

ज्ञानेश्वरीचा तेरावा अध्याय मला याच कारणासाठी आवडतो. तिथे अहिंसा समजावून सांगताना ज्ञानदेव मनातल्या दयेच्या व्याख्येवर थांबत नाहीत. अहिंसक माणूस पाऊल कसं टाकतो, बोलतो कसा, बघतो कसा, त्याचे हात कसे हलतात, हे ते एकेक अवयव घेऊन दाखवतात. दया जणू शरीराची एक ढब आहे, जी बघता येते आणि म्हणून शिकताही येते.

वारीत हे शिकणं सामुदायिक आहे. दोन वारकरी समोरासमोर आले, की दोघेही वाकतात. कोण मोठं, कोण धाकटं, कुठल्या गावचं, कुठल्या आळीचं, हे विचारायला सवड ठेवलेली नाही. ऐंशी वर्षांची म्हातारी विशीतल्या पोराच्या पायांना हात लावते आणि तोही तिच्या. ‘तुम्ही वाकायच्या लायकीचे आहात का’ हा हिशेब डोक्यात सुरू होण्याआधीच कंबर वाकलेली असते. चांदोबाच्या लिंबापाशी उभं रिंगण झालं, की रस्त्यावरच फुगड्या सुरू होतात. बुजुर्ग बाप्ये सुद्धा घालतात. फुगडीचं तंत्र साधं आहे, पाय जुळवायचे आणि मागे झुकायचं. तुमचा तोल तुमच्याजवळ राहत नाही, समोरच्याच्या वजनात जातो. त्यानं हात सोडला तर तुम्ही पडता, आणि तोही पडतो. आमच्या प्रशिक्षणातले डोळ्यांवरचे रुमाल मला यापुढे फार बुजरे वाटतात.

मग भारुडं. नववीच्या वर्गाकडून मी दरवर्षी एखादं भारूड बसवून घेत असे. पैठणच्या नाथांनी वासुदेव, जोशी, गोंधळी, आंधळा, मुका, बहिरा अशा किती जणांच्या तोंडून बोलावं! आणि ‘जोहार’ तर थेट महाराच्या तोंडून. सोळाव्या शतकातला एक ब्राह्मण ‘मी’ म्हणतो आणि तो ‘मी’ गावकुसाबाहेरचा असतो, ही साधी उडी नव्हे. मुलांनाही ती उडी मारताना मी पाहिलं आहे. बहिऱ्याचं काम करणारी मुलगी पहिल्या तालमीला नुसती हसत सुटे. पण तालमी पुढे सरकल्या तशी ती माझ्याकडे तक्रार घेऊन आली, की बाई, बाकीचे माझ्याशी तोंड फिरवून बोलतात. नाटकातल्या बहिऱ्यावतीनं ती खऱ्याखुऱ्या रागानं भांडत होती.

इथपर्यंत सगळं वळणाच्या बाजूचं. आता दुसरी बाजू, आणि ती मी घरातच पाहिली.

मी लग्न होऊन आले तेव्हा पालखीच्या मुक्कामाला आमच्या ओसरीवर वारकरी उतरत. सासूबाई उंबऱ्यापाशी उभ्या राहून येईल त्याच्या पाया पडत. चिखलानं भरलेल्या पायांवर पाणी घालत. कुणाला जात विचारली नाही. मग त्या आत यायच्या आणि हंड्याशी बसून पाणी द्यायच्या, तेव्हा मात्र बोलता बोलता विचारायच्या, ‘कुठलं गाव तुमचं? कुणाच्या घरचे?’ उत्तरावरून हात पितळी तांब्याकडे जाई, नाहीतर देवळीत उपड्या ठेवलेल्या जर्मनच्या पेल्याकडे. उंबऱ्यावरची सासूबाई खोटी होती असं मला तेव्हाही वाटलं नाही, आजही वाटत नाही. वाकताना त्यांच्या डोळ्यांत पाणी असायचं. त्या दोन्ही ठिकाणी खऱ्याच होत्या, आणि मधल्या दहा पावलांत काही विसंगत घडतंय हे त्यांना जाणवतसुद्धा नव्हतं.

एका साली जर्मनचा पेला पुढे आल्यावर एक बाई तो हातात न घेता म्हणाली, ‘माऊली, पाया पडताना नाही इचारलंत, मग पानी देताना का इचारता?’ आवाज चढा नव्हता, पण ओसरीवर सगळ्यांना ऐकू गेलं. तिनं पाणी घेतलं नाही. सासूबाई काही बोलल्या नाहीत, आणि दोन दिवस घरात कुणाशीच नीट बोलल्या नाहीत. पुढच्या वर्षी देवळीत पेला नव्हता. त्यावर आमच्या घरात कधी चर्चा झाली नाही.

त्या बाईच्या प्रश्नावर मी पुष्कळ विचार केला आहे. तिनं राज्यघटना काढली नाही, माणुसकीवर व्याख्यान दिलं नाही. आधीच्या घटकेत सासूबाईंनी स्वतः जे केलं होतं, तेवढंच तिनं त्यांच्यासमोर ठेवलं. तुम्ही माझ्या पाया पडलात, आता त्याला जागा. माझ्या मते एकत्र करण्याच्या कृतींचं खरं काम इथे आहे. वाकल्यानं वाकणाऱ्याचं मन बदलेलच असा भरवसा कुणी देऊ नये. पण ज्याच्यापुढे वाकलं, त्याच्या हातात एक दावा येतो. वाकणारा आपल्याच कृतीनं स्वतःला बांधून घेतो, आणि समोरचा ती गाठ ओढू शकतो. फक्त ओढायची मुभा हवी, आणि ओढणाऱ्यात धीरही.

ती ओढ नसेल तर काय होतं, हे वारीच्या इतिहासातच आहे. इरावती कर्वे वारीला चालल्या आणि त्यावर त्यांनी जो लेख लिहिला, त्यात आनंदही आहे नि खंतही. एकाच दिंडीत, एकच भजन म्हणत दिवसभर चाललेले ब्राह्मण आणि मराठे जेवायला मात्र वेगळे बसत. इरावतीबाई मराठा बायकांच्या पंगतीत जेवल्या आणि मगच त्या बायका त्यांचा हात धरून घरच्या गोष्टी सांगू लागल्या. चालण्यानं जे उघडलं नव्हतं, ते एका घासानं उघडलं. आणि ही तर दोन स्पृश्य जातींमधली गोष्ट. चोखोबांची समाधी पंढरपूरला महाद्वाराबाहेर, नामदेव पायरीजवळ आहे. शतकानुशतकं वारी त्यांचे अभंग गात तिथवर आली आणि त्यांच्याच जातभाईंना तिथेच सोडून आत गेली. भाव खोटा नव्हता, टाळही खोटे नव्हते. पण दार बंद होतं.

ते दार गजरानं उघडलं नाही. साने गुरुजींनी आधी महाराष्ट्रभर दौरा केला, आणि 1 मे 1947 ला पंढरपुरात तनपुरे महाराजांच्या मठात उपोषणाला बसले. दहा दिवसांनी मंदिर हरिजनांना खुलं करण्याचा निर्णय झाला. गुरुजींची मागणी तत्त्वतः आमच्या ओसरीवरच्या बाईचीच होती, तुम्ही जे गाता त्याला जागा. परंपरेच्या आत उभं राहून परंपरेला तिचंच बोलणं त्यांनी परत ऐकवलं.

पण गुरुजींचं नाव घेऊन इथेच समाधान मानलं तर ते लबाडीचं होईल. उपोषणाला बसलेला माणूस सवर्ण होता. ज्यांच्यासाठी दार बंद होतं त्यांनी किती वाट बघायची, हा बाबासाहेबांचा प्रश्न होता. 1927 साली महाडच्या चवदार तळ्यावर हजारो माणसांनी मिळून पाणी प्यायलं. तीही सामुदायिक कृतीच, पण ती दुसऱ्याचं मन द्रवावं म्हणून केलेली नव्हती, आपला हक्क आपण बजावावा म्हणून होती. 1930 पासून नाशिकला काळारामाच्या दारात सत्याग्रह चालला, आणि 1935 ला येवल्यात त्यांनी हिंदू म्हणून मरणार नाही असं जाहीर केलं. ज्या घरात गाठ ओढूनही कुणी ‘ओ’ देत नाही, ते घर सोडण्याचा हक्क माणसाला आहे. कुठल्याही एकोप्याच्या उपक्रमानं हे आधी मान्य केलं पाहिजे, नाहीतर तो उपक्रम राहत नाही, दुखावलेल्यालाच घातलेली गळ होते.

परंपरेत हा कडवटपणा बाहेरून आला असंही नाही. चोखोबांचा मुलगा कर्ममेळा याचे जे अभंग उरले आहेत, त्यांत तो देवाला सरळ जाब विचारतो, की या जातीत आम्हाला जन्माला घातलंस कशाला. नाथांनी महाराच्या तोंडून बोलणं मोठं आहेच. पण कर्ममेळ्याचं तोंड त्याचं स्वतःचं आहे, आणि ते गोड बोलत नाही. शाळेत मी भारूड बसवलं की त्याच्या मागोमाग कर्ममेळा शिकवत असे. दुसऱ्याच्या जागी उभं राहून बघायला शिकलेल्या मुलांनी, त्या जागी आधीपासून उभं असलेल्याचं ऐकायलाही शिकलं पाहिजे. पहिल्यात टाळ्या मिळतात. दुसऱ्यात वर्ग गप्प होतो, काही मुलं खाली बघतात, आणि मला ते टाळ्यांपेक्षा बरं वाटायचं.

आणि म्हणूनच संपूर्ण वारीत मला सगळ्यात शहाणी वाटते ती समाजआरती. संध्याकाळी पालखी तळावर आली, की दिंड्या तिच्याभोवती उभ्या राहतात. शेकडो टाळ, मृदंग, नुसता कल्लोळ. मग चोपदार हातातला चोप उंचावून ‘हो’ असा पुकारा करतात आणि एका क्षणात सगळं थांबतं. थांबत नाहीत ते फक्त एखाद्या दिंडीचे टाळ. टाळ वाजत राहिले याचा अर्थ त्या दिंडीची तक्रार आहे. पाण्याचा टँकर पोचला नसेल, चालण्याच्या क्रमावरून वाद झाला असेल, कुणाशी कुणी वाईट वागलं असेल. चोपदार त्या दिंडीकडे जातात, म्हणणं ऐकतात, आणि तिथल्या तिथे तोड काढायला बघतात. मग हरवलेल्या, सापडलेल्या वस्तू पुकारल्या जातात, उद्याच्या निघण्याची वेळ सांगितली जाते, आणि त्यानंतर आरती होते.

यात तीन गोष्टी आहेत आणि तिन्ही आमच्या प्रशिक्षणांत नव्हत्या. एक, तक्रार करायला वेगळं साधन लागत नाही. ज्या टाळानं भजन केलं तोच टाळ वाजवत राहायचा, म्हणजे तक्रार करणारा भक्त ठरतो, फितूर ठरत नाही. दोन, बोलावणं तक्रारदाराला जात नाही, अधिकार असलेला माणूस चालत त्याच्याकडे जातो. तीन, सगळ्यांच्या देखत हे होतं आणि देवाची आरती तोवर थांबते.

यातही फट आहेच. पाण्याच्या टँकरची तक्रार करणं सोपं, पंगतीतल्या अंतराची अवघड. आणि ज्यांना दिंडीतच जागा मिळाली नाही त्यांच्या हातात टाळ कुठून येणार? रीत चांगली आहे म्हणून ती सगळ्या गोष्टींना पुरेल असं नाही. ती वाढवावी लागते.

निवृत्तीनंतर मी मुलींच्या एका वसतिगृहात आठवड्यातून एकदा जाते. तिथे संध्याकाळच्या प्रार्थनेआधी आम्ही विचारतो, कुणाचं काही आहे का? सुरुवातीला सगळ्या गप्प. मग ट्यूबलाइट, मग भाजीत मीठ. बऱ्याच दिवसांनी एकीनं सांगितलं, की तिनं वाढलेलं काही जणी घेत नाहीत. त्या संध्याकाळी प्रार्थना उशिरा झाली, आणि अजिबात गोड वातावरण नव्हतं. दोघी जणी रडल्या, एक चिडून उठून गेली. स्वयंपाकघरातल्या पाळ्या आता चिठ्ठ्या टाकून लागतात, आणि पाळी जिची असेल तिच्याच हातचं सगळ्यांनी घ्यायचं. मनं जुळली का, मला माहीत नाही. मी ते विचारतही नाही. मनं बदलायला वेळ लागतो, आणि तोवर ताट वाढून घ्यायचं असतं. त्या मुलीला आता बोलता येतं आणि बाकीच्यांना ते ऐकावं लागतं, एवढी शिस्त आत्ता लागली तरी पुरे. कळवळा तिच्या मागून आला तर उत्तमच, पण त्या मुलीनं त्याची वाट बघत उपाशी राहू नये.