महत्त्वाकांक्षेचें बक्षीस

ता. १५ मार्च १९८८ रोजीं ब्रिटनचे अर्थमंत्री नायजेल लॉसन यांनीं आपला अर्थसंकल्प मांडला, तेव्हां सभागृहांत एवढा गोंधळ माजला कीं, कामकाज कांहीं वेळ तहकूब करावें लागलें. प्राप्तिकराचा सर्वांत वरचा दर शेंकडा ६० वरून ४० वर, आणि सामान्य दर २७ वरून २५ वर उतरविण्यांत आला होता. एका पक्षाला त्यांत उद्योगी माणसाचा गौरव दिसला. दुसऱ्याला श्रीमंतांची धन केलेली दिसली. वस्तुतः हा वाद केवळ आकड्यांचा नव्हे, नीतीचा आहे. आणि दर फेब्रुवारींत तो आपल्याही घरांतून चालतच असतो.

करकपातीच्या पुरस्कर्त्यांचें म्हणणें थोडक्यांत असें: मनुष्याला वर येण्याची इच्छा असते, त्या इच्छेच्या बळावर राष्ट्र पुढें जातें, म्हणून तिला उत्तेजन मिळालें पाहिजे. यांत तथ्य नाहीं असें कोण म्हणेल? आपल्याकडे १९७३-७४ सालीं अधिभार धरून वरच्या पायरीवरील दर शेंकडा ९७.७५ होता. शंभरांतले सव्वादोन रुपयेच हातीं ठेवणारा कर मनुष्याला उद्योग शिकवीत नाहीं, लपवाछपवी शिकवितो. पुढें तो दर उतरला, हें योग्यच झालें.

परंतु ‘महत्त्वाकांक्षेचें बक्षीस’ हा शब्दप्रयोग मात्र तपासून घेतला पाहिजे. करकपात पोंचते ती मिळकतीला, महत्त्वाकांक्षेला नव्हे. आणि या दोन गोष्टी एक नाहींत. माझ्या वर्गांत एक विद्यार्थी होता. रात्रीं तो एका इमारतीवर पहारा करी आणि सकाळीं पहिल्या बांकावर येऊन बसे. वर येण्याची तशी तळमळ मीं क्वचितच पाहिली. प्राप्तिकर कितीही उतरला असता तरी त्याला दमडीचा लाभ नव्हता. कारण तो कर त्याला लागूच नव्हता. उलट ब्रिटनमध्यें १९७९ सालीं प्राप्तिकर उतरवितांना मूल्यवर्धित कराचा ८ टक्क्यांचा सामान्य दर १५ टक्के करण्यांत आला. अशी भरपाई कोठेंही झाली म्हणजे तिचा भार अशा पहारेकऱ्याच्या बाजारहाटावरही पडतो. त्याला हवें होतें तें ग्रंथालय, वसतिगृह आणि शिष्यवृत्ति. आणि हीं बहुतांशीं करांतूनच उभीं राहतात.

पण इतरांस बोल कशाला लावूं? १ फेब्रुवारी २०२५ रोजीं, नव्या पद्धतींत १२ लाखांपर्यंतच्या साधारण उत्पन्नावर कर द्यावा लागणार नाहीं असें जाहीर झालें, आणि वरच्या पायऱ्याही सैल झाल्या. मीं प्रथम माझा हिशेब केला आणि मनांत म्हटलें, ‘कष्टाचें चीज झालें.’ मग आठवलें कीं, माझें कॉलेजचें शिक्षण सरकारी शिष्यवृत्तीवर झालें. ती ज्यांच्या करांतून आली, त्यांनीं माझें नांवही ऐकलें नव्हतें.

कर किती असावा हा बराचसा व्यवहाराचा प्रश्न आहे. तो कमी केल्यानें उद्योग वाढतो, असें पुराव्यानें दाखवितां आलें तर अवश्य कमी करावा. पण त्याला बक्षीस म्हणूं नये. बक्षीस म्हटलें कीं, ज्याला तें मिळालें नाहीं तो आळशी ठरतो, आणि ज्याला मिळालें तो आपलें ऋण विसरतो. यांपैकीं पहिला अन्याय आहे, दुसरा कृतघ्नपणा.