क्लॅरिनेट कुठपर्यंत?

वसईजवळच्या आगाशीतलं एक घर. आजोबांनी उभं आयुष्य लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवलं. आता ते अंथरुणाला खिळले आहेत. ‘मला नेताना वरातीचं गाणं वाजवा,’ असं त्यांनी नातीला बजावलंय. नात सेंट जेम्स चर्चच्या गायनवृंदात गाते. काकांशी ती स्वयंपाकघरात बोलतेय.

नात : काका, आजोबांचा शब्द मोडवत नाही आणि पाळायचा तर छाती होत नाही. शवपेटीपुढे वरातीचं गाणं! आजीला काय वाटेल?

काका : ऐकायला आजोबा नसतील, बाय. आजी असेल, तू असशील, सगळी आळी असेल. मग गाणं कुणाच्या मनाप्रमाणे हवं?

नात : मृत्युपत्र अमलात येतं तेव्हाही लिहिणारा नसतोच. तरी आपण ते पाळतो ना?

काका : हे मान्य. पण चर्चलाही काही म्हणायचं आहे. 1903 साली पोप दहावे पायस यांनी चर्चमध्ये बँड वाजवायला साफ मनाई केली. बाहेर मिरवणुकीत वाजवायचा तर बिशपांची परवानगी हवी, आणि तीही ऐहिक गाणी नकोत या अटीवर.

नात : ते 1903 साली. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनं 4 डिसेंबर 1963 ला उपासनेत लोकभाषेला वाट करून दिली, म्हणून तर आपली मिस्सा मराठीत होते. ख्रिस्ती मरणातली पुनरुत्थानाची आशा अंत्यविधीत अधिक स्पष्ट दिसावी, हेही त्याच परिषदेनं सांगितलं. न्यायाच्या दिवसाचं ते भयाण लॅटिन स्तोत्र, ‘दिएस इरे’, पुढे अंत्यविधीच्या मिस्सेतून गेलं. भीती गेली, मग आनंद का नको?

काका : आशा वेगळी आणि वरात वेगळी. आशेला रडू चालतं. वरातीच्या गाण्यात आजीनं रडायचं कुठे?

नात : पण जागा बदलली की आवाजाचा अर्थही बदलतो. 1739 साली वसई पडली तेव्हा मराठ्यांनी इथल्या चर्चच्या घंटा नेल्या. वाईजवळ मेणवलीला आणि भीमाशंकरला त्या आजही आहेत. मिस्सेला बोलावणारी घंटा देवळात टांगली गेली आणि देवळाची झाली. क्लॅरिनेटचं तसं का होणार नाही?

काका : घंटेला शब्द नसतात. बँड नुसती चाल वाजवील, पण रस्त्यावरचा प्रत्येक जण मनात ओळी म्हणेल, आणि त्या नवरानवरीच्या असतील. म्हणून निवड करताना आधी बघ, लोकांच्या ओठांवर काय येणार आहे.

(या वादात मला काकांचं हे बोलणं सर्वांत मोलाचं वाटतं. अंत्यविधीला एखादी तयार गायिका एकटी गाते, गाणं सुंदर होतं, आणि लोक कार्यक्रमाला आल्यासारखे ऐकत उभे राहतात. ज्याचं माणूस गेलंय त्याला धरायला एक ओळसुद्धा मिळत नाही. भजनी मंडळांना हे नेमकं कळलेलं असतं. अंत्ययात्रेत टाळ-मृदंगावर एक जण अभंगाची ओळ सांगतो, बाकीचे ती उचलतात. घोगरा, फाटका, रडवेला, कसलाही आवाज त्यात सामावतो.)

नात : मग मिस्सेत आजोबांचं असं काहीच नाही?

काका : मिस्सेत सगळ्यांना पाठ असलेली गीतं. पुस्तक न उघडता आजीला म्हणता येतील अशी. तुमच्या गायनवृंदानं त्या दिवशी नवीन काही बसवू नये. ती वेळ साऱ्या गावाच्या प्रार्थनेची. घरापासून चर्चच्या फाटकापर्यंतचा रस्ता मात्र आजोबांचा. तिथे त्यांचा बँड चालेल, फादरांना आधी विचारून.

नात : आणि वरातीचंच गाणं?

काका : ते कुठलं, हे तरी तू विचारलंस का? या गावातल्या किती वराती त्यांनी वाजवल्या! त्यातलं एखादं त्यांच्या आणि आजीच्या लग्नातलंही असेल. आधी त्यांना विचार, मग आजीला. तिला सोसणार असेल तर वाजवू.

नात : ती नको म्हणाली तर?

काका : तर रस्त्यावरही नाही. तिला त्या रस्त्यानं चालत जायचं आहे. तसं आजोबांना सांग आणि दुसरं गाणं माग. आपण इथे वाद घालतोय, पण ते आतल्या खोलीत जागेच आहेत. त्यांना अजून निवडता येतं.