वंशावळीतील रिकामा रकाना

सुरतेहून हजिऱ्याकडे जाताना इच्छापोर लागते. पोटापाण्यासाठी आलेली काही मराठी ख्रिस्ती कुटुंबे तेथे राहतात. मागे अशाच एका घरी आम्ही प्रार्थनासभेला गेलो होतो. सभा आटोपल्यावर घरच्या बंधूंनी आम्हांस थांबवून घेतले.

त्यांची मुलगी डब्लिन शहरी नर्स आहे. शेजारच्या एका वृद्ध बाईंबरोबर ती तेथील पूर्वजांचा शोध घेणाऱ्या मंडळात जाऊ लागली. आयर्लंडात हे काम सोपे नाही. 30 जून 1922 रोजी यादवी युद्धात डब्लिनचा सरकारी दफ्तरखाना जळाला आणि 1821 ते 1851 पर्यंतच्या चार खानेसुमाऱ्यांचे बहुतेक कागद भस्मसात झाले. तरी लोक चर्चच्या वह्या, थडग्यांवरील अक्षरे, जमिनीचे दाखले यांवरून एकेक नाव जुळवितात. पुष्कळांच्या हाती लागतात ते 1845 नंतरच्या दुष्काळात उपाशी मेलेले किंवा देश सोडून गेलेले गरीब शेतकरी. तीही नावे ते आदराने लिहून ठेवतात.

हे पाहून मुलीने विचारले, “पप्पा, आपले पूर्वज कोण?”

बंधूंजवळ उत्तर होते, पण ते पेटीत होते. त्यांच्या पणजीचा केडगावचा बाप्तिस्म्याचा दाखला! 1900 च्या छप्पनिया दुष्काळात पंडिता रमाबाईंनी गुजरातेतून शेकडो निराधार मुली केडगावास आणल्या. त्यांतलीच ती एक. नावापुढे ‘गुजरात’ एवढेच लिहिलेले. आईबापांचा रकाना रिकामा.

अडचण पुढेच होती. मुलीच्या लग्नाच्या बोलण्यात पलीकडच्यांनी “मूळ घराणे कोणते?” असे विचारले, तेव्हा बंधूंनी पुण्याकडच्या एका जुन्या घराण्याचे नाव सांगून टाकले होते. “आता खरे सांगू, की गप्प राहू?” त्यांचा आवाज जड झाला.

आम्हांस लगेच उत्तर देववेना. कारण स्वतःच्या मुलाच्या सोयरिकीत हाच प्रश्न आम्हीही विचारला होता. ‘मूळ’ म्हणजे आपण काय विचारतो, हे आपणां सर्वांस ठाऊक आहे. ख्रिस्तात सर्व एक, असे रविवारी म्हणायचे आणि सोमवारी जात चाचपायची!

मग वंशावळ शोधणेच वाईट काय? पौलाने तीमथ्याला अंत नसलेल्या वंशावळींपासून सावध केले आहे (1 तीमथ्य 1:4). एज्राच्या काळी ज्यांची नावे वंशावळीत सापडली नाहीत, त्यांना याजकपणातून दूर करण्यात आले (एज्रा 2:62). वही अशी भिंत होऊ शकते. परंतु मत्तयाचे शुभवर्तमान वंशावळीनेच सुरू होते आणि तामार, राहाब, रूथ, उरीयाची बायको यांपैकी कोणालाही ते झाकीत नाही. तेव्हा कशासाठी शोधतो, हा खरा प्रश्न आहे. मोठेपणासाठी शोधणारा पहिल्या मोठ्या नावाशी थांबतो. सत्यासाठी शोधणारा कोणाच्या तरी भुकेपर्यंत आणि कोणाच्या तरी दयेपर्यंत पोहोचतो.

कोणी म्हणतील, आपल्या देशात मूळ सांगणे म्हणजे जखम उघडी करणे. हे खरे आहे. म्हणून दुसऱ्याची पेटी उघडावयास लावण्याचा अधिकार कोणालाच नाही. ज्याला गप्प राहावेसे वाटते, त्याने गप्प राहावे. पण रिकाम्या रकान्यात परक्याचे नाव घालणे निराळे. त्याने ती उपाशी पोर दुसऱ्यांदा बेवारस होते.

आम्ही बंधूंना एवढेच म्हणालो, “दादा, रकाना रिकामा आहे, ही लाज नाही. ज्या गुजरातेतून ती भुकेने निघाली, तेथेच तिच्या पणतवाला देवाने भाकर दिली!”

त्या रात्री त्यांनी मुलीला सारे सांगितले. मग पलीकडच्यांनाही स्वतः फोन केला. स्थळाचे काहीही होवो, म्हणाले. मुलीने डब्लिनच्या त्या मंडळात आपल्या खापरपणजीचे नाव लिहिले आणि पुढे लिहिले : गुजरात, दुष्काळ, 1900.

संडे स्कूलच्या शिक्षकांनो, मत्तयाचा पहिला अध्याय कंटाळवाणा म्हणून आपण वगळतो. यंदा तो मुलांना वाचून दाखवा. त्या चार स्त्रियांची नावे सावकाश वाचा. आणि वर्गातील कोणत्याही लेकराला “तू मूळचा कोण?” असे विचारू नका.