विषादयोग आणि विषादरोग

भगवद्गीतेच्या पहिल्या अध्यायाला परंपरेने ‘अर्जुनविषादयोग’ असे नाव दिले आहे, आणि विषादालाच ‘योग’ म्हटल्यामुळे एक जुना प्रश्न उभा राहतो: मनाचा प्रत्येक काळोख ज्ञानाकडे नेणारी पायरी मानावा, की त्यातील काही काळोख निव्वळ रोग असतो आणि त्यावर रोगासारखेच उपचार व्हायला हवेत? निफाड तालुक्यातील विंचूरसारख्या गावात, जिथे कांद्याचा भाव आणि द्राक्षाचा बहर यांवर घराचे वर्ष ठरते, तिथे हा प्रश्न पोथीपुरता राहत नाही. घरचा कर्ता माणूस आठवडेच्या आठवडे कुणाशी बोलत नाही, जेवत नाही, पहाटे तीनला जागा होऊन आढ्याकडे पाहत राहतो, तेव्हा आप्त त्याला ‘मनाला लावून घेऊ नकोस’ किंवा ‘नामस्मरण कर’ असे सांगतात. कुणी बाहेरची बाधा समजून अंगारा आणतो. आणि ‘डोक्याच्या डॉक्टर’कडे नेण्याचा विचार सर्वांत शेवटी होतो.

अर्जुनाचे हातपाय गळाले, तोंडाला कोरड पडली, धनुष्य हातातून निसटले, हे खरेच. पण तो बोलत होता, युक्तिवाद करत होता आणि समोरच्याचे उत्तर ऐकण्याइतका जागा होता. तीव्र नैराश्य, म्हणजे किमान दोन आठवडे जवळपास दिवसभर टिकणारी उदासी किंवा कशातच गोडी न वाटण्याची अवस्था, आणि तिच्या जोडीला झोप, भूक, एकाग्रता व हालचाल यांची इतकी मोडतोड की रोजचे जगणेच थांबावे, हा आजार प्रश्न विचारणाऱ्यालाच गिळतो. ज्याच्यात शंका मांडण्याचेही त्राण उरलेले नाही त्याला उपदेश करणे म्हणजे पाय मोडलेल्याला चालण्याचे महत्त्व पटवणे होय. इ.स. १२९० मध्ये नेवासे येथे सिद्ध झालेल्या ज्ञानेश्वरीत अर्जुनाच्या या अवस्थेसाठी कोरडे लाकूड पोखरणारा पण कोवळ्या कळीत अडकून पडणारा भुंगा हा दृष्टांत येतो. तो तिथे स्नेहापुरता असला तरी बळ असलेला जीवही अडकू शकतो हे त्यातून स्पष्ट होते, आणि ‘खंबीर हो’ हा सल्ला का निरुपयोगी ठरतो तेही.

या आजाराचे सर्वांत क्रूर लक्षण अपराधभावाचे आहे. रुग्णाला आपण पापी, निकामी आणि घरावर ओझे आहोत असे वाटू लागते, आणि नेमक्या त्याच वेळी भोवतालची माणसे ‘पूर्वजन्मीचे भोग’ म्हणून त्याची समजूत घालतात. अशा रीतीने कर्मसिद्धान्त रोगाच्याच बाजूने साक्ष देतो. हा सिद्धान्ताचा दुरुपयोगच मानावा लागतो, कारण चरकसंहितेत आयुष्य दैव आणि पुरुषकार, म्हणजे मनुष्यप्रयत्न, या दोन्हींवर अवलंबून सांगितले असून दुर्बळ दैवावर प्रबळ प्रयत्न मात करतो असे स्पष्ट म्हटले आहे. त्याच ग्रंथात उपचाराचे तीन प्रकार येतात: मंत्र, होम, उपवास आदींचा ‘दैवव्यपाश्रय’, आहार व औषध यांच्या योजनेचा ‘युक्तिव्यपाश्रय’, आणि अहितकर विषयांपासून मन आवरण्याचा ‘सत्त्वावजय’. हे तिन्ही शेजारी मांडलेले असताना पहिल्याच्या नावाने दुसरा नाकारणे परंपरेलाही धरून नाही.

अर्थात उलट दिशेची चूकही होते. कांद्याचा भाव पडून कर्जात बुडालेल्या शेतकऱ्याचे दुःख हे मेंदूतील बिघाड म्हणून फाइलबंद केले, तर त्याची रास्त तक्रारही बंद होते. कारण न्याय्य असले तरी रोग रोगच असतो, आणि रोगावर उपचार झाले तरी कारण तसेच उरते. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत.

औषधांचा गुण यायला साधारणपणे दोन ते चार आठवडे लागतात, आणि बरे वाटल्यावरही ती काही महिने चालू ठेवावी लागतात. पहिल्या आठवड्यात ‘फरक नाही’ म्हणून गोळ्या सोडणे म्हणूनच घातक ठरते. अन्नपाणी सोडलेल्या किंवा जिवावर उठलेल्या रुग्णासाठी विद्युत्-उपचार आजही प्रभावी असून, भूल व स्नायू शिथिल करणारे औषध न देता तो करण्यास २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने मनाई केली आहे. तज्ज्ञ दूर असलेल्या गावांना गोव्यातील एक प्रयोग विशेष मोलाचा आहे. तिथल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत ‘संगाथ’ संस्थेने प्रशिक्षण दिलेल्या सामान्य समुपदेशकांनी मध्यम-तीव्र ते तीव्र नैराश्याच्या रुग्णांना सहा ते आठ बैठकांत छोट्या छोट्या कृतींकडे परत वळवले, आणि २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार तीन महिन्यांनी त्यांच्यापैकी ६४ टक्के रुग्णांची लक्षणे निवळली होती, तर नेहमीच्या उपचारांत थोडीच भर घातलेल्या गटात हे प्रमाण ३९ टक्के होते. उत्साह येण्याची वाट न पाहता आधी कृती करावी, हे या पद्धतीचे सूत्र कर्मयोगाच्या बरेच जवळचे आहे. फरक इतकाच की इथे कृती म्हणजे युद्ध नव्हे, तर अंघोळ करणे, ओट्यावर येऊन बसणे, गोठ्यापर्यंत चालत जाणे.

मानसोपचारतज्ज्ञाकडे जायचे तर विंचूरहून नाशिक ५० किलोमीटरांपेक्षा लांब आहे. परंतु केंद्र शासनाच्या ‘टेलि-मानस’ या मानसिक आरोग्याच्या दूरध्वनी सेवेचा १४४१६ हा निःशुल्क क्रमांक १० ऑक्टोबर २०२२ पासून चोवीस तास उपलब्ध असून तिथे मराठीतून बोलता येते.