फुकट मिळालेल्या चित्रकथेचे ऋण

कोणी न मागता दिलेली वस्तू आपण घेतली, तर घेणाऱ्यावर कोणते दायित्व येते? नीतिविचारातील हा जुना प्रश्न आज एका नव्या कलाप्रकाराच्या संदर्भात पुन्हा उपस्थित होतो आहे. इंटरनेटवर स्वतःच्या बळावर चित्रकथा लिहिणारे आणि रेखाटणारे कलावंत आपली निर्मिती बहुधा विनामूल्य वाचायला ठेवतात. वेबकॉमिक या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या प्रकारात कर्ता आणि वाचक यांच्यामध्ये संपादक नसतो, प्रकाशकही नसतो. असा वाचक त्या कलावंताचे काही देणे लागतो काय? सकृद्दर्शनी उत्तर नकारार्थी आहे. देणाऱ्याने मोबदल्याची अपेक्षा ठेवली, तर ते दान राहत नाही. आणि ठेवली नसेल, तर ऋण उरत नाही. हा युक्तिवाद बिनतोड वाटतो. परंतु त्यात देण्याघेण्याचा विचार एका सुट्या व्यवहारापुरताच केलेला आहे. कलावंत कोणत्या परिस्थितीत देऊ शकतो, हा प्रश्न त्यात निसटून जातो.

ही परिस्थिती समजून घ्यायची, तर अमेरिकन चित्रकथेच्या इतिहासाकडे वळावे लागते. कारण कर्ता आणि कृती यांची ताटातूट तेथे फार ठळकपणे दिसते. जेरी सीगल आणि जो शुस्टर या दोन तरुणांनी १९३८ मध्ये 'सुपरमॅन'चे हक्क १३० डॉलरांना विकले. पुढे १९७५ मध्ये, त्यांच्या हलाखीचा गवगवा झाल्यावर, मालक कंपनीने दोघांना वार्षिक २०,००० डॉलरांचे निवृत्तिवेतन देऊ केले आणि निर्माते म्हणून त्यांचे नाव पुन्हा छापण्याचे मान्य केले. या कहाणीतील अन्याय सहसा पैशांच्या भाषेत सांगितला जातो. तो खराच आहे. पण तिची दुसरी बाजू मला अधिक अस्वस्थ करते. सुपरमॅन थांबू शकत नाही. त्याचे निर्माते म्हातारे झाले, निवर्तले, तरी तो उडतोच आहे. कारण सांगण्यासारखे काही उरले आहे की नाही, यावर त्याचे आयुष्य अवलंबून नाही. ते केवळ मागणीवर अवलंबून आहे.

याच्या नेमके उलट उदाहरण बिल वॉटरसन यांचे. त्यांची 'कॅल्व्हिन अँड हॉब्ज' ही वृत्तपत्रीय मालिका १९८५ मध्ये सुरू झाली आणि लोकप्रियतेच्या शिखरावर असताना ३१ डिसेंबर १९९५ रोजी त्यांनी ती संपवली. तिच्यातील पात्रांची खेळणी आणि कपडे विकण्यास त्यांनी सातत्याने नकार दिला. परंतु मूळ कराराने हे व्यापारी हक्क वितरक संस्थेकडे होते. दीर्घ संघर्षानंतर १९९१ मध्ये नवा करार झाला, तेव्हा कुठे त्यांचा नकार निर्णायक ठरला. म्हणजे नकार देण्याचे आणि थांबण्याचे स्वातंत्र्य त्यांना मिळाले ते असामान्य यशाच्या जोरावर. ज्याची मालिका मोजक्याच वृत्तपत्रांत छापली जात होती, अशा चित्रकाराला ते मिळाले असते, असे म्हणता येत नाही.

स्वतंत्र वेबकॉमिकचे नैतिक महत्त्व येथे आहे. हे स्वातंत्र्य ते सामान्य यशाच्या, किंबहुना अपयशाच्याही, कलावंताला प्रारंभापासूनच देते. आशयाइतकाच त्याचा परिणाम रूपावरही होतो. रँडल मन्रो यांच्या 'एक्सकेसीडी' या २००५ पासून चालू असलेल्या मालिकेतील 'टाइम' ही कृती पाहावी. २०१३ मध्ये एकाच चौकटीतील चित्र प्रथम दर अर्ध्या तासाने आणि नंतर दर तासाने बदलत गेले. समुद्रकाठी वाळूचा किल्ला बांधणाऱ्या दोन आकृतींची कथा चार महिने चालली आणि तिची चित्रे तीन हजारांवर गेली. कोणत्या वृत्तपत्राने याला जागा दिली असती? मात्र इंटरनेटवर असणे म्हणजेच स्वतंत्र असणे, असा गैरसमज करून घेता कामा नये. मोठ्या कंपन्यांच्या चित्रकथा-मंचांवर भागाची लांबी, प्रसिद्धीचे वेळापत्रक आणि पानाचा आकारही बाहेरून ठरू शकतो. तेथे जुनाच मालक नव्या वेशात उभा असतो.

आता या स्वातंत्र्याचा खर्च कोणी सोसायचा? मालक नाही, म्हणजे वेतनही नाही. कलावंताने दिवसा नोकरी करावी आणि रात्री चित्रे काढावीत, असे म्हणणे सोपे आहे. पण त्याचा अर्थ, ज्यांना हे परवडते त्यांनीच कलावंत व्हावे, असा होतो. जाहिरातींवर विसंबले, तर मागणीचे राज्य मागच्या दाराने परत येते. राहता राहिला वाचक. स्कॉट मॅक्क्लाउड यांनी २००० मधील आपल्या ग्रंथात वाचकाने अगदी अल्प रक्कम थेट कर्त्याला द्यावी, अशी कल्पना मांडली होती. ती त्या स्वरूपात फारशी रुजली नाही. परंतु तिच्यामागील विचार टिकला. रिच बर्ल्यू यांची 'द ऑर्डर ऑफ द स्टिक' ही मालिका २००३ पासून इंटरनेटवर विनामूल्य वाचता येते. तिचे दुर्मीळ झालेले एक संकलन पुन्हा छापण्यासाठी त्यांनी २०१२ मध्ये वाचकांकडे ५७,७५० डॉलर मागितले. सुमारे पंधरा हजार वाचकांनी साडेबारा लाखांहून अधिक डॉलर दिले. त्यांना पुस्तके आणि इतर वस्तू मिळाल्या, हे खरे. पण वाचायला जे आधीच फुकट मिळत होते, त्यासाठी ते मुख्यतः पैसे मोजत होते. केवळ खरेदी या संज्ञेने या वर्तनाचा उलगडा होत नाही.

येथे एक गंभीर आक्षेप घेता येईल. वाचकाने पैसे दिले, की वाचकच मालक होणार नाही काय? राजाश्रय गेला आणि लोकाश्रय आला, एवढाच हा बदल नव्हे काय? आक्षेपात तथ्य आहे. २०१३ पासून रूढ झालेल्या मासिक वर्गणीच्या पद्धतीत वर्गणीदाराला अधिक काही देत राहण्याचे दडपण कलावंतावर येऊ शकते. त्याच २०१२ मध्ये बर्ल्यू यांच्या हाताला गंभीर दुखापत झाली आणि मालिका काही काळ थांबली. तो हात थांबला की कथा थांबते. दुसऱ्या कोणाला बसवून ती पुढे रेटता येत नाही. हा स्वतंत्र निर्मितीतील दोष नसून तिचे सत्त्व आहे. ज्याला हे सत्त्व हवे आहे, त्याने विलंब, नकार आणि शेवटही स्वीकारला पाहिजे. म्हणून वाचकाचे देणे हक्क विकत घेणारे नसावे. 'मी दिले, म्हणून तू असे काढ,' असे म्हणणारा वाचक सुपरमॅनच्या मालकाहून वेगळा नाही. त्याचा हिस्सा लहान, एवढेच.

मार्सेल मॉस यांनी १९२५ च्या आपल्या निबंधात दाखवले, की अनेक समाजांत देणे, घेणे आणि परत करणे ही तीन बंधने मिळून संबंध टिकवतात. आपल्या परंपरेतील ऋषिऋणाची कल्पना याहून एक पाऊल पुढे जाते. ते ऋण ऋषीला मोबदला देऊन फिटत नाही. अध्ययनाने, म्हणजे मिळालेले चालू ठेवल्यानेच ते फिटते. वेबकॉमिकच्या वाचकाचे ऋण या जातीचे आहे. ज्याला परवडते, त्याने वर्गणी द्यावी, छापील पुस्तक घ्यावे. ज्याला परवडत नाही, त्याने लक्षपूर्वक वाचावे, दुसऱ्याला वाचायला द्यावे, आणि देताना चित्राच्या कोपऱ्यातील कर्त्याचे नाव कापू नये. नाव कापणे हे १९३८ च्या व्यवहाराचेच घरगुती रूप आहे.

मराठी वाचकाला हा प्रश्न सर्वस्वी परका नाही. साठच्या दशकातील लघुअनियतकालिके कर्त्यांनीच काढली, आणि त्यांपैकी बहुतेक अल्पायुषी ठरली. आज त्यांच्यावर प्रबंध लिहिले जातात आणि जुने अंक जपून ठेवले जातात. हा आदर खोटा नाही. पण अंक निघत असताना वर्गणीदार किती होते, हा प्रश्न त्याने मिटत नाही. चालू असलेल्या निर्मितीला साथ देणे हे वाचकाला एका विशिष्ट काळातच शक्य असते. तो काळ उलटला, की त्याच्या हाती केवळ समीक्षा उरते.