वेगवान पायांचा अधिकार

अमेरिकन महाविद्यालयीन फुटबॉलमध्ये रिसीव्हर म्हणजे पुढे धावत जाऊन क्वार्टरबॅकने फेकलेला चेंडू झेलणारा खेळाडू. मैदानावर एका संघाचे ११ जण असतात. त्यांत रिसीव्हरच्या जागा बहुधा दोन ते चार, आणि चेंडू एकच. मोठ्या विद्यापीठांच्या संघांत या मोजक्या जागांसाठी कितीतरी मुले वर्षभर राबतात. त्यांत शाळा संपवून नुकताच आलेला, सगळ्यांपेक्षा जोरात पळणारा एखादा अठरा वर्षांचा मुलगा दाखल होतो. त्याच्या पुढे दोन-तीन वर्षे घाम गाळून वाट पाहिलेले ज्येष्ठ उभे असतात. मैदानावरची मिनिटे कोणाच्या वाट्याला द्यावीत, हा प्रशिक्षकाला डावपेचांचा प्रश्न वाटतो. त्याच्या मुळाशी मात्र न्यायाचा फार जुना प्रश्न आहे: जे जन्मतःच मिळाले, त्याच्या जोरावर माणसाला काही मागता येते का?

वेगाचे माप म्हणजे ४० यार्डांची, सुमारे साडेछत्तीस मीटरची, धाव. अलाबामा विद्यापीठाच्या हेन्री रग्जने २०२० साली व्यावसायिक निवडचाचणीत ती ४.२७ सेकंदांत पूर्ण केली. त्याचाच सहकारी जेरी ज्यूडीला ४.४५ सेकंद लागले. टेक्सास विद्यापीठाच्या झेवियर वर्दीने २०२४ मध्ये ४.२१ सेकंदांचा विक्रम केला. रग्ज आणि ज्यूडी यांच्या वेळांतला फरक पापणी लवण्याइतका. मैदानावर तो दीड-दोन यार्ड भरतो, आणि तेवढी मोकळी जागा मिळाली की झेल सोपा होतो. चेंडू झेलणे, ठरलेल्या मार्गाने अचूक वळणे, समोरच्या बचावपटूचा अंदाज घेणे ही कौशल्ये सरावाने येतात. धावण्याची सुरुवात, पावलांची लय हेही घासूनपुसून सुधारता येते. पण मुळातला वेग कोणीही प्रशिक्षक शिकवून देऊ शकत नाही. तो स्नायूंच्या घडणीतून, आईबापांकडून येतो.

जॉन रॉल्स या अमेरिकन तत्त्वज्ञाने १९७१ च्या ‘अ थिअरी ऑफ जस्टिस’ या ग्रंथात नेमका हाच मुद्दा धरला. अंगचे गुण हा निसर्गाच्या सोडतीतला वाटा आहे, तो कोणी कमावलेला नसतो, असे त्याचे म्हणणे. तो याही पुढे जातो. मेहनत करण्याची वृत्तीसुद्धा बऱ्याच अंशी घर आणि परिस्थिती यांची देणगी असते. म्हणजे वेगवान मुलगा वेगाचे श्रेय घेऊ शकत नाही आणि ज्येष्ठ खेळाडू चिकाटीचेही पूर्ण श्रेय घेऊ शकत नाही. तत्त्वज्ञ रॉबर्ट नोझिकने १९७४ मध्ये याला उत्तर दिले: एखाद्या हक्काच्या तळाशी असलेली प्रत्येक गोष्ट कमावलेलीच असली पाहिजे, असा आग्रह धरला तर जगात कोणाचाच कशावर हक्क उरणार नाही. हा आक्षेप वजनदार आहे. तरी मैदानावरच्या मिनिटांबाबत तो पुरेसा पडत नाही, कारण ती मिनिटे खेळाडूच्या मालकीची कधीच नव्हती. ती संघाची आहेत.

इथे ॲरिस्टॉटल अधिक उपयोगी पडतो. ‘पॉलिटिक्स’च्या तिसऱ्या भागात तो विचारतो, उत्तम बासऱ्या कोणाला द्याव्यात? कुलीनाला किंवा देखण्याला नाही, उत्तम वाजवणाऱ्याला. कारण बासरी वाजवण्यासाठीच असते. ती वाजवणाऱ्याला बक्षीस म्हणून दिली जात नाही. या दृष्टीने पाहिले तर रिसीव्हरची जागा मागच्या कष्टांचे वेतन ठरत नाही, तशी वेगाचे पारितोषिकही ठरत नाही. ते एक काम आहे, आणि ते ज्याच्याकडून चांगले होईल त्याच्या हाती सोपवायचे आहे.

मराठीत यासाठी एक नेमका शब्द आहे, अधिकार. रोजच्या वापरात तो हक्काला प्रतिशब्द होऊन बसला आहे. मीमांसा आणि वेदान्ताच्या परंपरेत मात्र अधिकारी म्हणजे एखाद्या कर्माला किंवा ज्ञानाला पात्र असलेला. पात्रता आधी येते, मागणी नंतर. आणि पात्रतेबरोबर कर्तव्यही येते. पूर्वसंचिताचा सिद्धान्त अमुक मुलगा वेगवान का जन्मला याचे एक उत्तर देतो. पण शनिवारच्या सामन्यात त्याला उतरवावे की नाही, हे त्यातून ठरत नाही. ते अधिकाराच्या या जुन्या अर्थातून ठरते.

ज्या समाजात हा खेळ वाढला, तिथे या प्रश्नाला ख्रिस्ती धर्माची भाषा आहे. फेलोशिप ऑफ ख्रिश्चन ॲथलीट्स ही संघटना १९५४ पासून खेळाडूंमध्ये काम करते, आणि वेग हे देवाचे देणे आहे असे खेळाडू मनापासून बोलतात. मत्तयाच्या शुभवर्तमानातल्या दोन कथा इथे आठवतात. पहिलीत धनी परगावी जाताना तीन चाकरांना पाच, दोन आणि एक टॅलेंट सोपवतो. टॅलेंट हे त्या काळचे मोठे वजन आणि तेवढ्या चांदीचे मोल. इंग्रजीत गुणवत्तेचा अर्थ या शब्दाला या कथेवरूनच आला. दोघे ते दुप्पट करतात, तिसरा जमिनीत पुरतो आणि दोषी ठरतो. देणे ही ठेव आहे, तिचा हिशेब द्यावा लागतो, हा तिचा गाभा. मात्र तो हिशेब एकट्या मुलाने द्यायचा नाही. वेगवान मुलाला वर्षभर बाकावर बसवून ठेवणारा प्रशिक्षकही ठेव पुरतच असतो.

दुसरी कथा द्राक्षमळ्यातल्या मजुरांची. पहाटे आलेल्यांना आणि दिवस कलता कलता आलेल्यांना मालक सारखीच मजुरी देतो, पहाटेचे कुरकुरतात. ज्येष्ठ खेळाडूची तक्रार अगदी याच जातीची दिसते, पण साम्य इथेच संपते. मालकाच्या औदार्याने पहाटेच्या मजुराचा एक पैसाही कमी झाला नव्हता. फुटबॉलमध्ये नवख्याला दिलेले प्रत्येक मिनिट कोणाकडून तरी काढून घेतलेले असते. म्हणून इथे औदार्य हा निकष चालत नाही, आणि ज्येष्ठाचे दुःख मत्सर म्हणून बाजूला सारणे अन्यायाचे ठरते.

वेगाबद्दलचा आणखी एक भाग तत्त्वज्ञांच्या नजरेतून निसटतो. सामन्यात डझनावारी डाव होतात, पण एका रिसीव्हरकडे चेंडू मोजक्याच वेळा येतो. उरलेल्या वेळी तो सहकाऱ्यासाठी वाट अडवून धरतो, किंवा नुसता जीव तोडून पळतो. त्याच्या भीतीने बचावपटू मागे सरकतात आणि मधल्या रिकाम्या जागेत दुसराच कोणी झेल घेतो. त्या धावेची नोंद कुठल्याच तक्त्यात होत नाही. बॉब हेज हा फ्लोरिडा ए अँड एम विद्यापीठाचा फुटबॉलपटू १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकमध्ये १०० मीटरचे सुवर्णपदक जिंकून पुढच्या वर्षी डॅलस काउबॉइज या व्यावसायिक संघात गेला. त्याला एकास एक रोखता येईना, म्हणून संघांना माणसाऐवजी जागा राखणारा बचाव अधिक वापरावा लागला. वेग एकाच्या पायांत असतो, फळ मात्र बऱ्याचदा दुसऱ्याच्या हातात पडते. मैदानावरचा वेळ मिळवणे म्हणजे मुख्यतः या अनामिक कामाला पात्र ठरणे.

मग संघ तरुण खेळाडूचे काय देणे लागतो? मिनिटे नाहीत, खरी परीक्षा आणि खरा शब्द. सरावात त्याला ज्येष्ठांइतकेच मोजले जावे, आणि तो कुठे कमी पडतो हे तोंडावर सांगितले जावे. हेच ज्येष्ठाचेही देणे आहे. नियमांनी ही परीक्षा थोडी सोपी केली. २०१८ पासून नवख्याला चार सामन्यांपर्यंत खेळूनही खेळण्याच्या पात्रतेचे ते वर्ष राखून ठेवण्याची मुभा मिळाली, आणि त्याच वर्षी सुरू झालेल्या बदली-नोंदणीमुळे नाराज खेळाडूला दुसऱ्या विद्यापीठाचा रस्ता मोकळा झाला. जुलै २०२१ पासून नाव आणि प्रतिमेच्या वापराचे पैसेही मिळू लागले. त्यामुळे वाट पाहणे महाग झाले आहे, आणि प्रशिक्षकाच्या खोट्या आश्वासनाचा अपराधही तितकाच मोठा.

अलाबामाच्या २०१७ च्या संघात रग्ज, ज्यूडी आणि डेव्होंटा स्मिथ हे तिघेही पहिल्या वर्षाचे होते. रग्जने त्या हंगामात १२ झेल घेतले, त्यांतले ६ टचडाउन, म्हणजे थेट गुण मिळवून देणारे. स्मिथच्या वाट्याला अवघे ८ झेल आले. त्यांतला शेवटचा ८ जानेवारी २०१८ च्या रात्री अटलांटात, जादा वेळेत, ४१ यार्डांवरून आलेल्या फेकीचा. त्यावर जॉर्जियाविरुद्ध २६-२३ असे राष्ट्रीय विजेतेपद ठरले. पुढे त्यांत जेलन वॉडलची भर पडली. या चौघांत रग्ज आणि वॉडल हे वेगासाठी ओळखले जात, स्मिथ नव्हे. २०२० च्या हंगामात, चौथ्या वर्षी, स्मिथनेच ११७ झेल घेतले आणि वर्षातल्या सर्वोत्तम महाविद्यालयीन खेळाडूला मिळणारे हाइजमन पारितोषिक मिळवले. १९९१ नंतर ते मिळवणारा तो पहिला रिसीव्हर होता.